रानात काम करताना अंगावर काय, हातात काय?

डोंगरउतार

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात आमची ४ एकर वरकस जमीन आहे. आजोबांच्या काळात तिथे नाचणी-वरी व्हायची, नंतर तीसेक वर्षं कुणी फिरकलंच नाही. ११ वर्षांपूर्वी मी तिथे जंगल परत आणायला घेतलं. रानमोडी आणि घाणेरी ही माजणारी झुडपं काढायची, उन्हाळ्यात खड्डे मारायचे, पावसाळ्यात रोपं लावायची, दिवाळीनंतर वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या आणि दाट झालेल्या ऐन-किंजळीची विरळणी करायची, असं वर्षभराचं काम असतं. माझ्याबरोबर वाडीतली पाचसहा माणसं येतात. त्यातल्या एका काकांकडून मी जवळजवळ सगळं शिकलो.

झाडं कुठली लावावीत यावर खूप लिहिलं जातं. पण झाडं लावणाऱ्या माणसाच्या पायात काय असावं, हातात काय असावं, पाऊस लागल्यावर त्याने काय पांघरावं, यावर मराठीत फार वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. माझं आधी सांगतो, मग तुम्ही भर घाला.

सुरुवात पायांपासून, आणि त्याला कारण आहे. चौथ्या वर्षी मे महिन्यात खड्ड्यांसाठी दगड बाजूला करताना काकांच्या पायाला फुरसं चावलं. आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुरशी भरपूर. साप वीतभर, पण विष रक्ताचं. लगेच हलवलं, लस मिळाली, काका वाचले. तरी पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि दीड महिना त्यांना कामावर येता आलं नाही. त्या दिवशी माझ्या पायात बूट होते आणि त्यांच्या पायात रबरी चपला. जमीन माझी, जंगल माझ्या हौसेचं, आणि उघडा पाय त्यांचा. ही गोष्ट मला अजून टोचते.

दुसऱ्याच आठवड्यात मी सगळ्यांसाठी गमबूट आणले. आठ दिवसांत सगळे गमबूट मांगरात, म्हणजे रानातल्या खोपटात, ओळीने उभे. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. काका एवढंच म्हणाले, "दादा, एक दिवस तुम्हीच घालून बघा." घातले. उतारावर पाय आतल्या आत सरकतो, टाच सोलून निघते, अंगठा पुढे आदळतो. मे महिन्यात आत घामाचं तळं होतं आणि पावसात वरून पाणी शिरलं की पाय जड. सपाट चिखलात भात लावायला गमबूट चांगला. ३० अंशाच्या उतारावर पहार चालवायला तो बूट नाही.

दोन-तीन वर्षं चाचपडल्यावर आता असं ठरलंय. ऑक्टोबर ते मे घोट्याच्या वर येणारे कॅनव्हासचे हंटर बूट, रबरी खाचांच्या तळव्याचे. त्यावर गुडघ्यापर्यंत पोटरीपट्टी. ही आमच्या बाजारातल्या शिंप्याकडून जाड ताडपत्रीच्या दोन थरांत शिवून घेतली, मध्ये पातळ फोम, मागे वेल्क्रो. फुरशाचे दात आखूड असतात आणि कापड कातडीपासून सुटं राहिलं तर दंश आतवर पोचणं अवघड जातं. नाग किंवा मोठी घोणस यातून अडेल असा माझा दावा नाही. पण करवंदीचे काटे, कापलेल्या रानमोडीचे खुंट, घसरलेला टिकाव यांपासून पोटरी रोज वाचते. जून ते सप्टेंबर गमबूट, पण प्रत्येकाच्या मापाचे, आत सुती जाड मोजे आणि वेगळा घालायचा तळवा टाकून. तेही फक्त खालच्या सपाट पट्ट्यात. वरच्या उतारावर पावसातही हंटरच. भिजतात, पण पाय सुटत नाही. प्रत्येकी दोन जोड लागतात, एक वाळत आणि एक पायात.

हातमोज्यांचं माझं मत: कोयत्याच्या हातात मोजा घालू नये. घामाने मूठ फिरते. दुसऱ्या, झुडूप धरणाऱ्या हातात चामड्याचा मोजा हवाच. खाजकुइलीच्या शेंगा वाळल्या की डिसेंबरपासून पुढे तिकडे जायचंच असेल तर मान-मनगटं पूर्ण झाकून, वारा पाठीवर घेऊन. आणि बिब्ब्याचं झाड ओळखता येत नसेल तोवर अनोळखी झाडाचा चीक अंगावर घेऊ नका. माझ्या हातावर आलेले फोड तीन आठवडे टिकले होते.

आता माझे प्रश्न. पावसात काय पांघरता? रेनकोटात आतूनच घामाने भिजायला होतं. विरळणीसाठी चेनसॉ घ्यावी का? आणि कोयत्याची धार तुम्ही कशी राखता?

आकडी

धागा काढलात, फार बरं केलंत. मी कुडाळचा, घरात तीन पिढ्या बांबूचं काम.

कोयता तयार विकत घेऊ नका. गाडीच्या कमानपाट्याचं लोखंड लोहाराकडे न्या आणि समोर बसून घडवून घ्या. तुमच्या हाताला किती वजन पेलतं ते त्याला कळलं पाहिजे. झाडोरा साफ करायचा कोयता हलका आणि पुढे वाकलेला, फांद्या तोडायचा जड. दोन्ही कामं एकाच कोयत्याने करणारा माणूस दुपारनंतर खांदा धरून बसतो. कुऱ्हाडीला दांडा धामणीचा. धामण लवचीक असते, घावाचा झटका हातात येत नाही. घाटावर बाभळीचा वापरतात, तोही चालतो. उन्हाळ्यात दांडा सुकून सैल होतो, म्हणून आदल्या रात्री कुऱ्हाड डोक्याकडून पाण्यात ठेवायची, सकाळी पाचर ठोकून बघायची. सुटलेलं कुऱ्हाडीचं पातं मी डोळ्यांसमोरून जाताना पाहिलंय.

धार: सकाळी कानस, दुपारी जेवणानंतर कुरुंदाचा दगड. कानस नेहमी पात्याकडून धारेकडे, एकाच दिशेने. बोथट कोयता जास्त लागतो, कारण तो झाडावरून घसरतो आणि गुडघ्यावर येतो. धारेचा कोयता जिथे मारला तिथेच रुततो.

कोयता वाहायची जागा कमरेमागची आकडी (माझं नाव त्यावरूनच). उतारावर हातात उघडा कोयता घेऊन चालणाऱ्याला मी कामावर घेत नाही. घसरलं की माणूस पहिल्यांदा हात टेकतो.

आणि एक, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही. तिरका घाव घालून सोडलेला खुंट म्हणजे जमिनीत रोवलेला भाला. बांबूचा तर फारच वाईट. माणगा बांबू तोडताना जमिनीजवळच्या पहिल्या पेराच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर, आडवा, शक्यतो करवतीने कापा. पेराच्या वर कांडं उरलं तर त्यात पाणी साचतं, खुंट कुजतो आणि डास होतात ते वेगळंच. तोड पावसाळा संपल्यावर, कोंब बाहेर पडून उभे झाले की. तीन वर्षांच्या आतली काठी तोडायची नाही.

रानमोडीवर मात्र कोयता वापरूच नका. जुलैत जमीन भिजलेली असते, तेव्हा ती मुळासकट हाताने उपटून येते. कापली की चौपट फुटते.

टेकडीवाली

आम्ही पुण्यात दर रविवारी टेकडीवर काम करतो, गिरिपुष्पाची छाटणी, देशी झाडांना आळी, पाणी. गटात निम्म्याहून जास्त बायका आहेत, म्हणून एक मुद्दा ठासून मांडते. ही सगळी साधनं पुरुषांच्या मापाची असतात.

गमबूट ६ नंबरच्या खाली मागितला की दुकानदार मान हलवतो. चामड्याचे हातमोजे आमच्या हातात भांड्यात चमचा हलावा तसे हलतात. आणि सैल मोजा घालून करवत धरणं उघड्या हातापेक्षा धोक्याचं. तुमच्याबरोबर वाडीतल्या बायका येत असतील तर त्यांची मापं आधी घ्या. कॅनव्हासचे बूट ४-५ नंबरात हवे असतील तर शाळेच्या बुटांच्या दुकानात विचारा, एनसीसीच्या मुलींसाठी मिळतात तसले. बागकामाचे मध्यम मापाचे हातमोजे बायकांच्या हाताला बरोबर बसतात.

साडीवरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालण्याची पद्धत गावोगाव आहे आणि ती अगदी बरोबर आहे. सुती, सैल, घाम टिपणारा, काटे अडवणारा. मी स्वतः आता टेकडीवर सुती सलवार आणि वर तसाच शर्ट घालते. ओढणी नाही. ओढणी करवतीत अडकून आमच्या एका मैत्रिणीची मान आवळली गेली होती. डोक्याला सुती पंचा बांधायचा, त्याने कान आणि मान झाकली जाते. टोपीने जात नाही.

गाव असो की शहर, काम चार तासांपेक्षा जास्त असेल तर बायकांसाठी आडोसा कुठे आहे हे काम ठरवणाऱ्याने आधी ठरवावं. नाहीतर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते.

डोंगरउतार

टेकडीवाली, मापांचं अगदी पटलं. काकांची सून आणि आणखी दोघीजणी आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी मी ६ नंबरचेच आणले होते, आणि त्या घालत नाहीत म्हणून त्यांनाच बोललो होतो. चूक माझी.

आकडी, तिरक्या खुंटाचं वाचून आज सकाळीच वरच्या पट्ट्यात फिरून आलो. साठसत्तर भाले मोजले.

तालुक्याची डॉक्टर

कोकणात ग्रामीण रुग्णालयात काम करते. सर्पदंशाचे रुग्ण जून ते ऑक्टोबर रोज नाही तरी आठवड्याला येतातच, म्हणून सविस्तर लिहिते.

साप चावल्यावर पाय हलवू नका. हात-पाय मोडल्यावर काठी बांधून आधार देतो तसा आधार द्या, माणसाला चालवू नका, उचलून न्या. दोरीने आवळून बांधू नका, चिरा मारू नका, तोंडाने ओढू नका. आवळून बांधलेला पाय घोणस-फुरशाच्या दंशात जास्त बिघडतो. अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. साप मारून आणायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच असते. फुरशाचं विष चढलंय का हे आम्ही साध्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून, ते गोठतं का यावरून बघतो. पहिल्यांदा गोठलं तरी घरी जाऊ नका. काही तासांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त सुरू झालेले रुग्ण पाहिलेत. झुडपात बसणारा हिरवा चापडा चावला तर ही लस त्यावर चालत नाही. तरी रुग्णालयात यायचंच, सूज आणि वेदनांवर उपचार लागतात.

हंगाम सुरू व्हायच्या आधी जवळच्या रुग्णालयात फोन करून विचारा की लस शिल्लक आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का. जमिनीवर मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा सगळ्यांना माहीत हवी. १०८ ला फोन केल्यावर गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि तिथपर्यंत माणूस कसा न्यायचा, हेही. दोन बांबू आणि दोन पोती एवढ्यात डोली होते. एकदा करून बघा.

दगड उचलताना विंचू. लाल विंचू चावला आणि दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले तर थांबू नका, मुलांमध्ये तर अजिबात नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, तोवर कोकणात विंचवाने कितीतरी माणसं दगावत. दगडाची आपल्या बाजूची कड कधी आधी उचलू नये. पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे खाली जे असेल ते तुमच्यापासून दूर निघतं.

पावसाळ्यात पायाला चीर असेल तर चिखलात उघड्या पायाने उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू तिथूनच शिरतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर "चिखलात काम करतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा. निदान त्या एका वाक्यावर होतं.

सत्तरीकर

डॉक्टरांच्या यादीत माकडताप घालतो. आमच्या गोव्यात सत्तरीत आणि शेजारी तुमच्या दोडामार्गात हा २०१५-१६ पासून आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. पसरतो बारीक गोचिडींतून. हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा.

आमच्याकडे लोक काजू वेचताना दमले की पातेऱ्यावरच, म्हणजे गळलेल्या वाळक्या पाल्यावर, बसतात, जेवतातही तिथेच. गोचीड पातेऱ्यातच असते. बसायला ताडपत्रीचा तुकडा न्या. विजार मोज्यात खोचा. फिक्या रंगाचे कपडे घाला म्हणजे चढणारी गोचीड दिसते. आरोग्य खात्याकडून लावायचं तेल मिळतं ते हातापायांना लावा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आंघोळ, आणि काखा, जांघ, कानामागे बघायचं. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. विडीचा चटका, रॉकेल नको. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं आणि त्या भागातलं काम थांबवायचं.

जळवांना मात्र उगाच घाबरतात लोक. जळू काही रोग देत नाही, फक्त रक्त थांबायला वेळ लागतो. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि वर तंबाखूचं पाणी, झालं.

सिअ‍ॅटलकर

मी मूळचा साताऱ्याचा, इथे वॉशिंग्टन राज्यात जंगलात वणवा प्रतिबंधासाठी विरळणीच्या टोळीत चार हंगाम काम केलं. चेनसॉच्या प्रश्नावर लिहितो.

यंत्र घेण्याआधी तिच्याबरोबरचा सगळा संच घ्या, नाहीतर यंत्रही घेऊ नका. मांडीवरून बांधायचं संरक्षक कवच (इथे त्याला चॅप्स म्हणतात) हे कापड चाकूला न फाटणारं असतं असा गैरसमज आहे. ते फाटतं, आणि आतले लांब धागे निघून साखळीच्या चाकात गुंततात, त्यामुळे यंत्र क्षणात अडतं. म्हणून एकदा कापलं गेलेलं कवच शिवून पुन्हा वापरायचं नसतं. जाळीची झडप असलेलं हेल्मेट हवं. प्लास्टिकच्या गॉगलवर पावसात वाफ धरते, जाळीवर धरत नाही. कानांना मफ. चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ११० डेसिबलच्या आसपास जातो, आणि ८५ च्या पुढे रोज काम केलं तर कान जातातच. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी निम्मे जण आज समोरच्याला दोनदा बोलायला लावतात.

पट्टीच्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाने कधी लाकडाला स्पर्श करू नका. तिथे लागलं की यंत्र उसळून तोंडावर येतं, आणि ते इतक्या वेगाने होतं की हात आवरत नाही. खांद्याच्या वर यंत्र उचलायचं नाही. झाड पाडण्याआधी मागे तिरक्या दिशेला पळायची वाट साफ करून ठेवायची. एकट्याने कधीच नाही. इंधनात तेलाचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणे. बहुतेक नव्या यंत्रांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली.

गवत कापायच्या यंत्राबद्दल लोक बेफिकीर असतात. त्यातून दगड गोळीसारखा सुटतो. १५ मीटरच्या आत दुसरं माणूस नको.

झाडीपट्टीकर

गडचिरोलीतून लिहितोय. आमच्याकडे मे महिना म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे चारला घर सोडायचं, दहाच्या आत पानं घेऊन परत, मग सावलीत बसून ७० पानांचे पुडे बांधायचे. उन्हाशी भांडायचं नसतं, त्याच्या आधी निघून यायचं असतं. बरोबर आंबील, कांदा. नुसतं पाणी ढोसून पोट भरतं पण पायात गोळे येतातच, मीठ पोटात गेलं पाहिजे. कोकणात तुम्ही ताक-कोकम घेता, तेच.

वाघाच्या भागात मोह वेचताना, पानं तोडताना माणूस वाकलेला असतो आणि एकटा असतो, हल्ले तेव्हाच होतात. दोघं-तिघं जवळजवळ, एकाने उभं राहायचं, मोठ्याने बोलत राहायचं. गळ्यात शिट्टी असली तर बरी.

वणव्याबद्दल. विझवायला जाणाऱ्याच्या अंगावर पॉलिस्टर नको. ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती, पूर्ण बाह्यांचे, आणि तोंडाला ओला पंचा. चढावर आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, आग चढाला धावते. हिरव्या फांद्यांनी झोडपताना फांदी वर उचलून आपटली की ठिणग्या मागे उडतात. दाबून, जळालेल्या बाजूकडे ओढत न्यायची. आमच्याकडे वनखातं आता जाळरेषांवरचा पाला उडवायला ब्लोअर वापरतं, काम फार लवकर होतं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या वनअग्नी संकेतस्थळावर नोंदणी केली तर आगीची सूचना फोनवर येते. उपग्रहाचा ठिपका ३७५ मीटरचा असतो, त्यामुळे आग तुमच्याच बांधावर आहे की शेजारच्या डोंगरावर हे जाऊनच बघावं लागतं.

मेंढा-लेखा आमच्याच जिल्ह्यातलं. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगल आपलं झालं की त्यात काम करणाऱ्या माणसाकडे आपलं म्हणून बघितलं जातं, हे मी तिथे पाहिलंय. डोंगरउतार, तुम्ही काकांबद्दल लिहिलंत ते म्हणून मला पुढे वाचवेना, डोळे भरून आले.

नवखा शेतकरी

खूप उपयोगी. मुळशीकडे दीड एकर घेतलंय, सगळी घाणेरी आहे. कुठून सुरुवात करू? आणि स्वतःच्या जमिनीतली झाडं तोडायला परवानगी लागते का?

आकडी

घाणेरी वरवर कापून काही होत नाही. टिकावाने बुंध्याजवळची माती थोडी उकरा, मुख्य मूळ जमिनीखाली तीनचार सेंटीमीटरवर तोडा आणि झुडूप उपडं करून मुळं आभाळाकडे करून ठेवा, म्हणजे पुन्हा रुजत नाही. फळं धरण्याआधी करा. चामड्याचे दोन्ही मोजे इथे घाला, कारण इथे टिकाव आहे, कोयता नाही.

परवानगीचं: महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमन कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ अशी त्याच्या यादीतली झाडं खासगी जमिनीत असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. विरळणीआधी वनखात्यात जाऊन या.

डोंगरउतार

आकडींच्या शेवटच्या ओळीवर एक भर. आम्ही ऐन-किंजळीची विरळणी करतो तीही परवानगी घेऊनच, पहिल्या वर्षी कागद व्हायला दोन महिने लागले होते. तेव्हा बेत आधी करा.

चेनसॉ घेत नाही, असं ठरवलं. आमची विरळणी मनगटापासून मांडीएवढ्या जाडीची, ती धनुष्य करवतीने होते. सिअ‍ॅटलकर सांगतात तो संच आमच्या दमट हवेत एप्रिलमध्ये कुणी अंगावर ठेवणार नाही हे मला गमबुटांनी शिकवलंय. जे साधन माणूस काढून ठेवणार आहे, त्याच्या भरवशावर यंत्र विकत घ्यायला मन होत नाही. वादळात मोठं झाड पडलंच तर शिकलेला माणूस त्याच्या साधनांसह बोलवीन.

पांघरायचं उत्तर काकांनी दिलं. काल त्यांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, लावणीला इरलंच. वाकून काम करताना पाठ पूर्ण झाकते, दोन्ही हात मोकळे, बाजूने वारा खेळतो म्हणून घाम धरत नाही. पानांऐवजी आता कामट्यांवर प्लास्टिकचा कागद ताणतात, वजन निम्मं होतं. पण झाडोऱ्यात शिरायचं असेल किंवा वारा सुटला असेल तर इरलं अडतं, तिथे घोंगडीची खोळ. भिजली तरी ऊब देते. आणि आभाळ गडगडायला लागलं की पहार-टिकाव खाली टाकून मांगरात यायचं, एकट्या झाडाखाली नाही. मी फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप ठेवलंय, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सांगतं. काकांना ते फारसं लागत नाही, पण त्यांच्या सुनेने आपल्या फोनवर घेतलं.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला माहीत नव्हतं. आग्यामोहोळ जवळ असेल तर डोक्याला वासाचं तेल लावून येऊ नये, काळं घालू नये आणि विडी ओढू नये. उठलंच तर हात न झटकता, तोंड पंचाने झाकून, दाट झाडोऱ्यातून पळायचं. मी ११ वर्षं रोज सकाळी तेल लावून जात होतो आणि ते मला बोलले नाहीत. का नाही सांगितलंत, विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही इचारलंत कधी?"

शनिवारी रत्नागिरीला जातोय. कागदावर सगळ्यांच्या पायांची पेन्सिलने आखलेली मापं घेतलीत. काका ७, त्यांची सून ४, बाकीच्या दोघी ५ आणि ४, मुलगे ८ आणि ९. प्रत्येकी दोन जोड. शाळेच्या बुटांच्या दुकानापासून सुरुवात करतो.